हत्ती आला की समुद्र शांत

मस्कतच्या माणसाबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही वाळू, उंट, शेख आणि अत्तराची बाटली अशी सगळी मांडामांड करून बसला असाल. आवरा. उंट नाहीये. वाळू आहे, पण ती कोबीत निघायची आणि जहाजावरचा कुक आम्हाला शिव्या घालायचा, तेवढीच. शेख म्हणाल तर आमचे अर्बाब होते, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक. पण ते बिचारे ऑफिसात येऊन एसीखाली घोरायचे. आणि गल्फला गेलेल्या गरीब कोकणी माणसाची रडकी कहाणी हवी असेल तर तीही मिळणार नाही. सारंगचाचा गरीब नव्हते आणि रडके तर नव्हतेच. या गोष्टीत आहे एक हत्ती. ओमानमध्ये हत्ती कुठला, असं विचाराल, तर अमेरिकेतला. थांबा, सांगतो.

मी लांज्याच्या शाळेत शिकलो. शिकलो म्हणजे हेडमास्तरांची नक्कल करायला शिकलो, मग एसटीच्या कंडक्टरची, मग सरपंचांची. मार्क बेताचेच. बीकॉम झाल्यावर मामानं ओळखीनं मस्कतला चिकटवलं. कंपनीचं काम जहाजांना सामान पुरवायचं. समुद्रात जहाज नांगर टाकून उभं असतं, त्यावरच्या माणसांना कांदे-बटाटे लागतात, मटण लागतं, पिण्याचं पाणी, दोर, रंग, साबण, सगळं लागतं. ते आम्ही लाँचमधून नेऊन द्यायचो. गोदाम मस्कतमध्ये वादी कबीरला, गॅरेजांच्या रांगेत. बोटीचं काम तिथून अडीच तासांवर, सोहारच्या धक्क्यावर; तिथंही एक ऑफिस आणि राहायला एक खोली. आणि या सगळ्याचे मॅनेजर दाऊद सारंग, ऊर्फ सारंगचाचा. जयगडच्या खाडीकडचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "काय येतं?"

मी म्हटलं, "टॅली, एक्सेल आणि नकला."

"पयल्या दोन नंतर बगू. नक्कल कर."

मी समोर घोरणाऱ्या अर्बाबांची केली. चाचा इतके हसले की अर्बाब जागे झाले आणि मी सरळ जिभेखालून "अस्सलाम अलैकुम" काढलं. त्या दिवसापासून माझं नाव पडलं नकल्या. पगाराच्या पाकिटावरसुद्धा ते पेन्सिलीनं तेच लिहायचे.

चाचांचं वय साठीच्या पुढं. कडक इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट, जून महिन्यात सोहारच्या घामातसुद्धा. कलिंगड विकत घेताना कानाला लावून टिचकी मारायचे, आणि ते उजव्याच कानाला, कारण डावा कान जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेला. या कानाचा त्यांनी राजकारणासारखा वापर केला होता. ज्याचं ऐकायचं त्याला उजवीकडं बसवायचे, ज्याचं ऐकायचं नाही त्याला डावीकडं. वसुलीवाला आला की डावीकडं. मी पगारवाढीचं बोलायला गेलो की खुर्ची आपोआप डावीकडं सरकायची.

घरी जुलेखाचाची, गावाला. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. आणि शेंडेफळ अनीस, तेलाच्या जहाजावर थर्ड इंजिनिअर. अनीसचा फोन आला की चाचा स्पीकर लावायचे, कारण कान. त्यामुळे त्या घरात कोण काय जेवलं, कुणाला किती ताप, हे आम्हा सगळ्या ऑफिसला माहीत. अनीस माझ्याच वयाचा. मला फोनवर म्हणायचा, "नकल्या, अब्बांची करून दाखव ना." मी करायचो. चाचा खोटं खोटं रागवायचे.

आता हत्ती.

अमेरिकेत दोन पक्ष. एकाची निशाणी हत्ती, दुसऱ्याची गाढव. चाचांना पक्षांची नावं पाठ होती, पण ते घ्यायचे नाहीत. हत्तीवाले आणि गाढववाले, बस्स. गाढववाला बोलत बसतो, हत्तीवाला उभा राहतो. हत्तीवाला कर कमी करतो, फौज वाढवतो, तोंड कमी उघडतो. आणि शेवटी ते वाक्य, जे मी झोपेतही त्यांच्या आवाजात म्हणू शकतो: "हत्ती आला की समुद्र शांत."

ही भक्ती आली कुठून, तर ऐंशीच्या दशकातून. तेव्हा इराण-इराकची लढाई चालू. दोघंही एकमेकांच्या तेलाची जहाजं फोडत होते. चाचा तेव्हा एका टँकरवर ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारे. आमच्याकडं होर्मुझच्या पलीकडच्या आखाताला नुसतं 'आत' म्हणतात. आत जाणं, बाहेर येणं. त्या वर्षी आत गेलेला माणूस बाहेर येईलच असं कुणी सांगत नव्हतं. पाण्यात सुरुंग पेरलेले. मग अमेरिकेच्या हत्तीवाल्या राष्ट्राध्यक्षानं काही टँकरांवर आपला झेंडा लावला आणि सोबतीला लढाऊ जहाजं पाठवली. चाचांचं जहाज त्या काफिल्यात नव्हतंच. त्यांच्या कॅप्टननं चोरासारखं ते मागं लावून दिलं होतं.

ही गोष्ट सांगताना चाचा टेबलावर मांडणी करायचे. चहाचा ग्लास म्हणजे हत्ती. काडेपेटी म्हणजे टँकर. आणि बडीशेपेचा एक दाणा म्हणजे चाचांचं जहाज. "फुडं हत्ती, मदी टँकर, मागं आमी. सगळे कलमा पडत होते, मी नुस्ता त्या राखाडी जहाजाकडं बगत होतो. बोललो, हा हाय तवर मी हाय." सांगताना त्यांचा आवाज खरंच खाली यायचा. मी त्या आवाजाची नक्कल कधी केली नाही. जमलीच नसती.

या गोष्टीला एकच माणूस आडवा यायचा. नाखुदा रहीम. इराणच्या किनाऱ्यावरचा, लाकडी लाँचचा कप्तान. सफरचंदं, कलिंगडं, पिस्ते घेऊन सोहारला यायचा आणि जाताना आमच्याकडून तांदूळ, चहा, टायर, काय वाटेल ते भरून न्यायचा. असे बरेच नाखुदा होते, आमचा बराचसा धंदा त्यांच्यावरच. पण रहीम म्हणजे चाचांचा जुना दोस्त. अर्थातच डावीकडं बसायचा. एकदा चाचांची मांडणी चालू असताना त्यानं हात पुढं करून चहाचा ग्लास उचलला आणि काडेपेटीच्या मागं नेऊन ठेवला.

"दाऊद, हाथी आगे नहीं था. पीछे था."

चाचा म्हणाले, "ऐकू नाय आलं."

रहीम उठून उजवीकडं आला. "पहला टँकर बारूद पे चढा ना? उसके बाद तुम्हारा हाथी टँकर के पीछे पीछे चला. टँकर बडा, मोटा, फटेगा तो भी डूबेगा नहीं. हाथी का चमडा पतला. मेरे को सब मालूम, मैं उधर मच्छी मारता था."

सगळे चाचांकडं बघायला लागले. चाचांनी बडीशेपेचा दाणा उचलून तोंडात टाकला.

"मागं असला तरी हत्तीच होता ना?"

रहीम खो खो हसला. चाचाही हसले. पण पुढच्या वेळी गोष्ट सांगताना ग्लास पुन्हा पुढंच होता.

दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात अमेरिकेत पुन्हा हत्ती निवडून आला. तिकडची रात्र म्हणजे आमची सकाळ. चाचांनी ओमानी हलव्याचा डबा फोडला आणि गोदामातल्या हमालापासून अर्बाबांपर्यंत सगळ्यांना वाटला. आलेल्या नाखुदांनाही दिला. रहीमनं बोटानं हलवा चाटला आणि म्हणाला, "मीठा तो है."

मी लगेच नव्या राष्ट्राध्यक्षाचा आवाज बसवला. ओठ पुढं, हात आडवे, आणि कोबीचा गड्डा उचलून: "हा कोबी. माझा कोबी. जगात असा कोबी नाही, फोक्स. सगळे म्हणतात, सर, असा कोबी तुम्ही कुठून आणलात? ट्रेमेंडस कोबी." चाचांना हे इतकं आवडलं की जहाजांचे कॅप्टन ऑफिसात आले की ऑर्डर घ्यायच्या आधी माझा प्रयोग. मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या मराठी लोकांच्या गुढीपाडव्यालासुद्धा हाच आयटम गाजला. बायका तर गुढीच्या पाया पडतानाही हसत होत्या.

दीडेक वर्षानं त्या माणसानं इराणशी झालेला अणुकरार मोडला. चाचा खूश. "बेस्ट केलं. गाढववाल्यानं हितंच मस्कतला बसून चोरून बोलणी केली होती. करार काय असा चोरून करतात? लग्न हाय काय ते पळून जाऊन केल्यालं?"

मग निर्बंध आले. अमेरिकेचं म्हणणं सोपं होतं: आमच्याशी धंदा करायचा असेल तर इराणशी करायचा नाही. हे जगातल्या बड्या बड्या कंपन्यांना उद्देशून असेल, आम्हाला वाटलं. पण बड्या कंपन्यांना सांगितलेलं पायरी पायरीनं खाली येतं. आमच्या बँकेतल्या साहेबानं अर्बाबांना बोलावलं. अर्बाब परत आले ते झोपले नाहीत, हेच मला पहिल्यांदा खटकलं. उभ्या उभ्या म्हणाले, "दाऊद. इराण खलास. एक कांदासुद्धा नाही."

चाचा म्हणाले, "अर्बाब, थोडे दिवस. हत्ती पाय आपटतो, मग शांत होतो."

हळूहळू लाँच यायच्या बंद झाल्या. आधी सफरचंदवाले गेले, मग पिस्तेवाले. ज्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसायची, एका लाँचवरून दुसऱ्या लाँचवर उड्या मारत जावं लागायचं, तिथं पाणी नुसतं दगडाला चाटत बसलेलं. तेलाचे तवंग नाहीत, शिव्या नाहीत, कुणाचा रेडिओ नाही. समुद्र खरंच शांत झाला. मी एकदा विनोद म्हणून हे बोललो. चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि डावा कान पुढं केला.

रहीम शेवटचा आला तो मोकळी लाँच घेऊन. माल आणून विकायची सोय नव्हती, न्यायची नव्हती. तरी आला. म्हणाला, "पानी दे दो. और प्याज. बस वापस जाने का."

अर्बाबांचं म्हणणं स्पष्ट होतं. पण समुद्रावर एक रीत आहे, ती बँकेला माहीत नसते. पाणी मागणाऱ्या जहाजाला नाही म्हणत नाहीत. दुश्मनालासुद्धा नाही म्हणत. चाचांनी मला पाण्याचा पाइप जोडायला सांगितला आणि स्वतः कांद्याचं पोतं ओढत धक्क्यापर्यंत नेलं. पांढऱ्या शर्टाला कांद्याची माती.

टाकी भरेपर्यंत दोघं खोक्यांवर बसले. आणि त्या दिवशी रहीम स्वतःहून उजवीकडं बसला.

"दाऊद, तेरे को एक बात कभी नहीं बोला. तुम्हारा वो जो जहाज था, राखाडी. उसी टाइम, ऐसे ही एक राखाडी जहाज ने हमारा विमान गिराया. पॅसेंजर का. गलती से, बोले. मेरा छोटा भाई था उस में. दुबई जा रहा था, काम के वास्ते."

 पाइपातून पाणी चाललेलं, त्याचाच आवाज.

"इतने साल तू वो ग्लास रखता था टेबल पे," रहीम म्हणाला, "मैं उसको सिर्फ पीछे रखता था. तोडा कभी नहीं."

टाकी भरली. मी पाइप काढला. रहीमनं चाचांना मिठी मारली, मला टपली मारली आणि लाँच सुरू केली. त्यानंतर तो आला नाही. चाचांनी टेबलावरची मांडणीही नंतर केली नाही. पण हत्ती सोडला असं नाही. माणूस एवढी वर्षं ज्याच्यावर टेकून उभा राहिला, ते एका दिवसात कसं सोडणार? उलट बोलताना आवाज जरा चढवायला लागले.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा उजाडला तोच वाईट. फुजैराच्या समोर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना कुणीतरी रातोरात भोकं पाडली. फुजैरा म्हणजे शेजारच्या अमिरातीतलं बंदर, सोहारहून गाडीनं चहा प्यायला जाण्याच्या अंतरावर. अमेरिका म्हणाली इराणनं केलं. इराण म्हणाला आम्ही नाही. आमच्याकडच्या ऑर्डरी बदलल्या. कॅप्टन लोक आइस्क्रीम मागायचे थांबले आणि बॅटऱ्या, हेल्मेटं, जादा पाणी मागायला लागले. लाँच घेऊन जहाजाजवळ गेलं की वरून आधी विचारायचे, "कोण? कुठून? किती माणसं?" मी वर्षभर ज्या कुकला ओळखत होतो, त्यानं माझ्यावर टॉर्च मारून माझं नाव विचारलं. भर दुपारी.

आणि याच दिवसांत अनीसचं जहाज सोहारच्या समोर येऊन उभं राहिलं. आत जायचं होतं, कुवेतला, तेल भरायला.

त्याचा फोन आला तेव्हा ऑफिस भरलेलं. दोन कॅप्टन बसलेले, अर्बाब जागे. चाचांनी नेहमीसारखा स्पीकर लावला.

अनीस म्हणाला, "अब्बा, स्पीकरवर आहे का? मग नंतर करतो."

"अरे, आपलेच लोक हायत. बोल मर्दासारखा."

 "कॅप्टननं सगळ्यांना विचारलंय. ज्याला आत जायचं नाही त्यानं गुरुवारपर्यंत सांगायचं. कंपनी बदली माणूस विमानानं आणणार, तुमच्याच लाँचनं तो चढणार आणि आपण उतरायचं. नोकरीला धक्का नाही. चौघांनी नाव दिलंय. तुम्ही काय म्हणता?"

चाचांनी आमच्या सगळ्यांकडं एक नजर फिरवली. एवढी वर्षं या टेबलावर त्यांनी काय काय सांगितलं होतं, ते सगळं ऐकलेली माणसं समोर बसली होती.

"त्यात काय विचारायचं? हत्ती बसलाय तितं. समुद्रात त्याची एवडी जहाजं. जा बिंदास."

"बरं, अब्बा," अनीस म्हणाला.

मी लगेच ओठ पुढं काढून राष्ट्राध्यक्षाच्या आवाजात ठोकलं, "अनीस, ग्रेट इंजिनिअर. टेरिफिक बॉय." फोनमधून अनीस हसल्याचा आवाज आला. छोटासा. कॅप्टन लोक हसले, अर्बाबांनी "माशाल्ला" म्हटलं. चाचांनी फोन ठेवला, रुमालानं मान पुसली आणि एसी वाढवायला सांगितला. तो आधीच फुल होता.

गुरुवार होऊन गेला. मग ती बातमी आली. आम्ही धक्क्याजवळच्या मल्याळ्याच्या हॉटेलात पराठा खात होतो. टीव्हीवर समुद्र दिसला, आमचाच, ओमानच्या आखाताचा, आणि त्यात तेलाचं जहाज पेटलेलं. एक नाही, दोन. काळा धूर सरळ वर चाललेला, कारण वारा नव्हता. समुद्र एकदम सपाट. हॉटेलातली सगळी माणसं जहाजांवरचीच किंवा जहाजांच्या कामातली.  मल्याळ्यानं आवाज बंद केला, मग कुणीतरी पुन्हा लावायला सांगितला.

चाचांनी पराठा तसाच ठेवला. "अनीसच्या जहाजाचं सामान कदी जायचंय?"

"उद्या सकाळी. बदली माणसंही जातायत."

"मी येतो."

चाचा लाँचवर यायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी ते आले ते नवा शर्ट घालून. लाँचमध्ये कोबी, फ्लॉवर, मटणाचे खोके आणि ते बदलीवाले चौघे. चौघेही आपापल्या बॅगा छातीशी धरून बसलेले. वाटेत एक राखाडी लढाऊ जहाज दिसलं, लांब, क्षितिजाला चिकटलेलं. कुणाचं ते कळत नव्हतं. एरवी चाचांनी आम्हाला तोफा मोजून दाखवल्या असत्या. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि पाठ करून बसले.

टँकरच्या बाजूला लाँच लागली की वर बघायला मान मोडते. दोरशिडी खाली आली. उतरणारे चौघे उतरले, चढणारे चौघे चढले. अनीस वर कठड्याला उभा होता, बॉयलर सूटमध्ये. त्यानं बापाला पाहिलं आणि हात केला. चाचांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि शिडीला हात घातला.

"चाचा, नको," मी म्हटलं.

"बाजूला हो."

साठीचा माणूस, नवा पांढरा शर्ट, अनवाणी, त्या तेलकट लोखंडाच्या भिंतीवर पाऊल पाऊल चढत गेला. मी खाली कोबीत बसून बघत होतो. वर गेल्यावर दोघं कठड्यावरून दिसेनासे झाले. आमचं सगळं सामान क्रेननं वर गेलं, रिकामे खोके खाली आले, तरी चाचा नाहीत. मग पाय दिसले. एकट्याचेच.

खाली उतरल्यावर त्यांनी चपला घातल्या. शर्टावर शिडीच्या दोराचे दोन काळे पट्टे. लाँच निघाली. बरंच अंतर गेल्यावर आपणहून बोलले, इंजिनाच्या आवाजात, कुणाकडं न बघता.

"उतर बोललो. बदली नाय राहिली बोलला. गुरुवारी नाव दिलं असतं तर आली असती. बोलला, आता मी उतरलो तर इंजिनावर तो शिकाऊ पोरगा एकटा राहतो, अब्बा." बोटानं शर्टावरचा काळा पट्टा चोळत राहिले. "कॅप्टनला बोललो, सोड त्याला. कॅप्टन बोलला, सोडतो, त्यानं सांगावं. तो सांगेना. बरोबर हाय त्याचं. कुणाला तरी सोडून उतरायचं नाय, हे मीच शिकवलं त्याला."

संध्याकाळी जहाज आत गेलं.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते टीव्हीच्या आवाजासकट. चाचा मस्कतला गेलेच नाहीत, सोहारच्या खोलीतच राहिले. रोज सकाळी धक्क्यावर यायचे. जुलेखाचाचीचा फोन यायचा तेव्हा स्पीकर लावत नव्हते. तिला म्हणायचे, "मजेत हाय. रेंज नाय त्याच्याकडं." मग फोन बंद करून ठेवायचे, तिनं पुन्हा करू नये म्हणून. अनीसचा त्या दिवसांत एक मेसेज आला, कुवेतला पोचलो म्हणून. म्हणजे अजून परत यायचं होतं, त्याच वाटेनं, आणि आता पोटात तेल घेऊन.

मधेच इराणनं अमेरिकेचं एक बिनमाणसाचं विमान पाडलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तो राष्ट्राध्यक्ष. इराणवर हल्ला करायचा ठरवला होता, म्हणे, अगदी थोडा वेळ उरला असताना थांबवला. हॉटेलातला एक जण म्हणाला, "बघा, समजूतदार आहे, थांबवला की." चाचा टीव्हीकडं बघत म्हणाले, "थांबवला. उद्या नाय थांबवला तर? माजं पोरगं त्याच्या मर्जीवर हाय काय आत?" उजवीकडं मीच बसलो होतो. मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून मी चहा सांगायला उठलो.

तो टीव्हीवर आला की चाचा आता बाहेर जाऊन उभे राहायचे. तरी आवाज बाहेर यायचाच.

आणि मग ती सकाळ. मी हॉटेलात होतो, चाचा धक्क्याच्या टोकाला, खोक्यावर, समुद्राकडं तोंड करून. माझा फोन वाजला. अनीसचा मेसेज: 'बाहेर आलो. अब्बांचा फोन बंद आहे. सांग.'

मी पळत सुटलो. आनंद झाला की मला माझ्या तोंडाचा भरवसा नसतो. त्यांच्या पाठीमागं पोचलो आणि हात आडवे करून त्या आवाजात मोठ्यानं ओरडलो, "फोक्स! आज एक ट्रेमेंडस बातमी..."

चाचांच्या डाव्या बाजूनं गेलो होतो. शब्द पोचलेच नाहीत, नुसता तो आवाज पोचला. ते उठायला गेले. खोक्याची कड धरली. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. माणसाचा चेहरा आतून रिकामा होताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

"काय झालं?" म्हणाले. "माज्या अनीसचं काय झालं?"

"बाहेर आला चाचा! बाहेर आला!" मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. चष्मा नव्हता. मी वाचून दाखवलं. मग उजवीकडं जाऊन पुन्हा वाचून दाखवलं.

ते बसून राहिले. हात गुडघ्यांवर, तळवे वर. समुद्रात आमच्यासमोर एकही बोट नव्हती. पुढच्या आठवड्यात ते गावी गेले आणि परत आले नाहीत. गोदामही अर्बाबांनी वर्षअखेरीला बंद केलं. अनीस जहाजावरच आहे, आत-बाहेर चालूच असतं. मला चाचा आठवतात ते तिथलेच, त्या खोक्यावरचे. बराच वेळ गेल्यावर त्यांनी मान वळवली, आणि मग सुरू झाले.

"मेल्या, आवाज नाय काय तुला तुजा? आईबापानं दिल्याला? बापाला पोरगा जिवंत हाय म्हणून सांगायचं, ते त्याच्या तोंडानं सांगतोस? त्यानं तोंड उघडलं की मी उटून बाहेर जातो इतके दिस, आन् तू पाटीमागं येऊन त्याच आवाजात बोंबलतोस? मेलो असतो मी हितं. पोरगा बाहेर आला असता आणि बाप आत गेला असता. हसतोस काय? हसू नको. पुन्ना माज्यासमोर ती नक्कल केलीस तर ह्या पाण्यात ढकलीन, पोयता येत नाय ना तुला? आन् तो फोन दे हिकडं. त्याच्या आयशीला मी सांगतो. तू तोंड उगडू नको."